थेम्बोच्या कपाळावरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, कपाळाचा. माझी दोन टोकं ओझ्याला बांधतात, ओझं पाठीवर घेतात आणि माझा मधला रुंद भाग कपाळावर बसवतात. आमच्या विषुववृत्तावरच्या र्वेन्झोरीच्या डोंगरात कोन्झो माणसांनी असंच ओझं वाहिलं. हात मोकळे राहतात, त्यात काठी धरता येते, आणि मान आपोआप लवलेली राहते. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, डोंगर चढताना मान लवलेलीच बरी. ताठ मानेनं आलेल्याला डोंगर ओळखही देत नाही.

मला बीरानं विणलं. लग्न होऊन तिला महिनाच झाला होता. रानातल्या एका झुडपाची साल तिनं मुबुकू नदीच्या पाण्यात आठ दिवस भिजत ठेवली, दगडावर ठेचली, तिचे धागे काढले, आणि अंगणात बसून पाच पेडांचा मी तयार झालो. पुरा झाल्यावर तिनं मला आधी स्वतःच्या कपाळाला लावून पाहिलं. माझं एक टोक थोडं टोचलं तिला. तिनं तेवढा भाग उसवला आणि पुन्हा विणला. सासू म्हणाली, एवढं काय, वाहणारा पुरुष आहे. तर बीरा म्हणाली, "ओझं डोंगराचं आहे, आई. डोकं माझ्या माणसाचं आहे."

हे तिचं वाक्य मी जन्मभर जपलं.

तिचा माणूस म्हणजे थेम्बो. बर्फ बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं सामान वर नेणारा हमाल. अभयारण्याच्या फाटकापाशी ताणकाट्याला लावून प्रत्येकाचं ओझं तोलत, आणि मग रबरी बूट घालून ही माणसं निघत. पहिल्या दिवशी घनदाट रान, दुसऱ्या दिवशी बांबू आणि शेवाळाच्या दाढ्या सोडलेली झाडं, मग ती अफाट दलदल. तिथे गवताच्या एका गठ्ठ्यावरून दुसऱ्या गठ्ठ्यावर उड्या मारत जायचं, चुकलं तर मांडीपर्यंत चिखल. त्यापुढे बुजुकूचं तळं, त्यापुढे नुसता काळा खडक, आणि चौथ्या दिवशी बर्फ. संध्याकाळी प्रत्येक मुक्कामाच्या झोपडीत चूल पेटे, कसाव्याच्या पिठाचा घट्ट बुंदू आणि सुकी मासळी होई, आणि मी चुलीपाशी खुंटीवर वाळत असे. घामानं भिजलेला, दमलेला, पण मनानं तृप्त.

तृप्त का, तेही सांगतो. थेम्बो गाणारा होता. रविवारी तो चर्चमध्ये प्रवचन गायचा. हो, गायचा. बोलता बोलता ओवीत शिरायचा, ओवीतून गोष्टीत, गोष्टीतून पुन्हा ओवीत, आणि धृपद आलं की सगळी माणसं टाळ्या वाजवत ते उचलून धरायची. चर्चच्या अंगणातल्या बायका शेंगा सोलायच्या विसरायच्या, तान्ही मुलं रडायची विसरायची. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ही वाट म्हणजेच त्याचं चर्च. वाटेच्या प्रत्येक वळणाला त्यानं एक ओवी रचली होती. कुठे दगड सुटा आहे, कुठे मूळ आडवं आलंय, कुठल्या ओढ्याचं पाणी प्यावं आणि कुठलं पिऊ नये, सगळं त्या गाण्यात. पुढे चालणारा थेम्बो ओळ टाकी, मागचे वीस जण धृपद धरत.

डाव्या हाती बांबू, उजव्या हाती पाणी,
मधून चाल माणसा, सांभाळील धनी.

त्या गाण्यावर माणसं धुक्यातही चुकली नाहीत. नवा हमाल आला की त्याला कुणी वाट दाखवत नसे. गाणं शिकवत.

आणि गाण्याची शेवटची ओवी बर्फापाशी. बर्फ म्हणजे आमच्याकडे डोंगरदेव कितासाम्बाचं घर. एक खाच असलेला काळा कातळ आहे, तिथे बर्फाचा पदर येऊन टेकलेला असे. तिथे पोचलं की ओझं उतरवायचं, मला कपाळावरून काढून मनगटाला गुंडाळायचं, उघड्या कपाळानं लवायचं आणि डोळे न उचलता उजवं पाऊल बर्फावर ठेवायचं. घरधन्याच्या दारात शिरताना वर टकामका पाहायचं नसतं.

काळ्या दगडाशी आला पांढऱ्याचा पदर,
लव इथे माणसा, टाक पाऊल वर.

एकदा पाद्रीबाबांनी थेम्बोला टोकलं होतं. रविवारी देवाचं गातोस आणि सोमवारी बर्फाला लवतोस, हे कसं? थेम्बो हसून म्हणाला, "बाबा, घर देवाचंच आहे. कितासाम्बा नुसता रखवालदार. रखवालदाराला नमस्कार केला म्हणून मालक रागावतो होय?" पाद्रीबाबांनी पुढच्या रविवारी हेच वाक्य प्रवचनात वापरलं, असं बीरा सांगायची.

असे माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. लांबलांबचे पाहुणे मला हातात घेऊन बघायचे, कपाळाला लावून फोटो काढायचे, आणि रिकाम्या पाठीनंच दोन पावलं चालून म्हणायचे की बापरे.

मग एका पावसात थेम्बोचा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण उंच चढायची सोय राहिली नाही. त्याला पहिल्या मुक्कामाच्या झोपडीचा राखणदार केलं. तोवर नवी सामानाची पोती आली होती, खांद्यावर अडकवायची, चटचट बंद होणाऱ्या कड्यांची. पोरं ती घालून ताठ चालू लागली. माझी गरज संपली. काही दिवस थेम्बोनं मला दावं करून बकरी बांधली. बकरीनं माझं एक टोक चघळलं. नंतर त्यानं मला चुलीवरच्या आढ्याला टांगलं आणि तो मला विसरला. अकरा वर्षं मी धूर खाल्ला. रागावलो नाही; म्हातारपणी टांगून घेणं नशिबी आलं तर निदान ऊब तरी होती. आणि टांगलेल्याला सगळं दिसतं.

मला काय दिसलं ते ऐका. आधी थेम्बो चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावू लागला, भरला की कळावा म्हणून. मग तो सरपणाच्या ढिगाकडे पावलं मोजत जाऊ लागला. मग एकदा त्याची थोरली लेक काबुघो दारात येऊन उभी राहिली आणि ती बोलेपर्यंत त्यानं तिला ओळखलं नाही. बोलल्यावर मात्र इतक्या सहज म्हणाला, "ये गं, मघापासून बघतोय तुला." त्याच्या डोळ्यांवर पडळ चढत होतं. झोपडीतली फळी न्‌ फळी त्याला पाठ होती, म्हणून कुणाला कळलं नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बीरालासुद्धा नाही. राखणदारी जाईल ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती वेगळी होती. गाणं लेकीच्या हाती द्यायचं राहून जाईल.

काबुघो आता वाटाडी झाली होती. बापाच्या जागी पाहुण्यांना बर्फापर्यंत नेणारी. गाणं तिला सगळं येत होतं, पण आमच्यात तसं चालत नाही. गाणं ज्यानं रचलं त्यानं ते शेवटच्या ओवीच्या जागी, बर्फावर उभं राहून दुसऱ्याच्या हाती द्यायचं असतं. त्याशिवाय ते उसनंच राहतं. म्हणून थेम्बोनं ठरवलं, डोळे पुरते मिटायच्या आत, मोडका गुडघा ओढत का होईना, एकदा वर जायचं.

त्यानं मला आढ्यावरून उतरवलं. झटकलं, खोकला, आणि हलकंसं ओझं बांधून कपाळाला लावलं. लोक म्हणाले, म्हातारा हळवा झालाय. पण त्याच्या कपाळावर बसल्याबरोबर मला खरं कारण कळलं. माझ्यामुळे मान खाली राहते. खाली मान घालून चालणाऱ्या माणसाला, तुला समोरचं दिसतंय का, असं कोण विचारणार?

त्या खेपेला एकच पाहुणी होती. कम्पालाच्या एका शाळेतल्या मॅडम, नालुबेगा नाव. सपाटीवर वाढलेली बाई, धापा टाकायची, पण कुरकुर नाही. तिच्या वर्गातल्या मुलांनी विचारलं होतं की आपल्या देशात बर्फ आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय का, आणि तिला खोटं बोलता आलं नव्हतं. सामान वाहायला मासेरेका नावाचा पन्नाशीचा हमाल, थेम्बोचा जुना जोडीदार, तोंडानं फटकळ. दलदलीत मॅडमचा बूट रुतून बसला तेव्हा म्हणाला, ठेवून घेऊ द्या त्याला, मॅडम, आमच्याकडे पाहुण्याकडून काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आणि मग स्वतःच खांद्यापर्यंत हात घालून बूट काढून दिला.

थेम्बो गात चालला होता. प्रत्येक वळणाला ओवी, प्रत्येक ओवीला पाऊल, आणि पाऊल बरोबर जागेवर. काबुघो पुढे होती. तिला वाटलं, तातांचं वय झालं पण वाट अजून बोटावर आहे. ती वाट बोटावरच होती, मित्रांनो. डोळ्यांत नव्हती.

पण काबुघोच्या मनातही एक काटा होता. बर्फ मागे सरला होता. या अकरा वर्षांत काळ्या कातळापासून वर, चांगला चाळीस पावलं. कातळ आणि बर्फ यांच्यामध्ये आता बर्फानं घासून आरशासारखा केलेला उतार उघडा पडला होता, वरून पाणी झिरपणारा, आणि त्याच्या खाली एकावर एक दोन झाडं मावतील एवढा खोल कडा. शेवटची ओवी खोटी पडली होती. सगळ्या हमालांना हे ठाऊक होतं. ते कातळापाशी ओवी जशीच्या तशी म्हणत, मग बाजूच्या कडेनं चाळीस पावलं वर जाऊन गुपचूप लवत. गाण्यातली ओळ कुणी बदलली नाही, कारण ती थेम्बोची होती, आणि थेम्बोला कुणी सांगितलंही नाही. प्रवचन गाणाऱ्याला, तुझी ओळ चुकली, असं कसं सांगायचं?

तीन मुक्काम काबुघो सांगायचं म्हणत होती. दुसऱ्या मुक्कामाला तिनं तोंड उघडलं, तर थेम्बो म्हणाला, आज आवाज लागलाय बघ, अकरा वर्षांनी. ती चुलीत लाकूड सारू लागली. तिसऱ्या मुक्कामाला तिनं मासेरेकाला बाजूला घेऊन विचारलं. मासेरेका म्हणाला, "नको बाई. वर गेल्यावर दिसेलच त्याला. दिसलं की पोटात घालील. आधी सांगितलंस तर इथूनच मागे फिरेल."

दिसेलच त्याला. मी तिथेच खुंटीवर होतो. मला ओरडावंसं वाटलं. पण मी साल आहे, धागे आहे, पाच पेड आहे. मला जीभ नाही.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ते खडकावरच्या झोपडीतून निघाले. धुकं होतं. काळ्या कातळाच्या थोडं अलीकडे मॅडमच्या बुटाला लावलेले बर्फाचे काटे सैल झाले. काबुघो ते आवळायला गुडघ्यावर बसली. तिनं मनाशी ठरवलं होतं की कातळापाशी तातांचा हात धरायचा आणि सांगून टाकायचं. म्हणाली, ताता, जरा थांबा. पण थेम्बोचा हात तोवर कातळाच्या खाचेला लागला होता, आणि तो चेहरा मी कसा विसरेन? अकरा वर्षांनी देवाच्या दाराला हात लागलेला माणूस. त्यानं ओझं उतरवलं. मला त्यापासून सोडवून कपाळावरून काढलं, एक टोक मनगटाला गुंडाळलं. डोळे मिटून पूर्ण आवाजात ओवी म्हटली. लवला. आणि उजवं पाऊल टाकलं.

पाऊल बर्फावर पडलं नाही.

तो ओल्या खडकावर आडवा झाला आणि सरकू लागला. ओरडला नाही. काबुघोनं झेप घेतली, पोटावर पडली, आणि माझं सुटं टोक, तेच बकरीनं चघळलेलं, तिच्या मुठीत आलं. ती सरकू लागली तशी मासेरेकानं तिचे पाय धरले, आणि मासेरेकाचा कमरेचा पट्टा धरून मॅडम मागे बसल्या, काट्यांचे बूट खडकात रोवून. मी ताणलो गेलो. माझा एक पेड तुटला. दुसरा तुटला. तिसरा तुटताना मला बीराचं अंगण आठवलं. ओझं डोंगराचं आहे, डोकं माझ्या माणसाचं आहे. उरलेले दोन पेड मी सोडले नाहीत. देवानं सोडू दिले नाहीत.

त्याला वर ओढून घेतलं. थेम्बो बसला आणि हातानं खडक चाचपू लागला. ओला, गुळगुळीत, उघडा खडक.

"बर्फ कुठंय?" त्यानं विचारलं.

काबुघो म्हणाली, "वर गेलाय, ताता. चाळीस पावलं."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. थोडा थोडा करत."

"आणि तुम्ही सगळे माझी ओळ म्हणत राहिलात? मला कुणी सांगितलं नाही?"

काबुघोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कडक झाला. "तुम्हाला दिसत नाही हे तुम्ही मला सांगितलंत, ताता?"

मासेरेका, जो अजून तिच्या पायांना धरून बसला होता, म्हणाला, "बापलेकीनं एकमेकांचं मन राखता राखता माझा जीव घेतला असता. मला तरी सांगायचं. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

आधी मॅडम हसल्या, मग काबुघो, आणि शेवटी थेम्बो. हसता हसता तो रडला. माझे तुटलेले पेड तो बोटांनी कुरवाळत होता.

मग काबुघोनं त्याचा हात धरला. बाजूच्या कडेनं ते निघाले. मॅडमना सवयच वर्गाची, त्या मोठ्यानं पावलं मोजू लागल्या, आणि मासेरेका प्रत्येक आकडा पाठोपाठ म्हणू लागला, दांडगट विद्यार्थ्यासारखा. एक, दोन, तीन. चाळिसाव्याला थेम्बोच्या बुटाखाली बर्फ करकरला. तो लवला. ओंजळभर बर्फ घेऊन त्यानं डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मॅडमही हातात बर्फ धरून उभ्या होत्या. वितळून बोटांमधून गळेपर्यंत त्यांनी तो टाकला नाही.

गाणं द्यायची वेळ आली. पण थेम्बो ओवी म्हणेना. खोटी ओळ लेकीच्या हाती कशी द्यायची? तो पुटपुटत होता, जुळवत होता, मोडत होता. आणि मग त्यानं गाऊन दिली ती ही ओवी.

काळ्या दगडापासून पांढरा गेला वर,
किती पावलं? विचार, मगच पाऊल धर.

काबुघो म्हणाली, ताता, यात आकडा नाही. तो म्हणाला, आकडा घातला की पुन्हा खोटी पडेल. विचारणं घातलंय, ते खोटं पडत नाही.

खाली आल्यावर मॅडमनीच हट्ट धरून थेम्बोला मोठ्या रुग्णालयात नेलं. मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याला आता बरंचसं दिसतं. दुसऱ्याला उशीर झाला होता. दोन वर्षं आधी आला असता तर दोन्ही वाचले असते, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर बीरा त्यावर जे बोलली ते मी इथे सांगत नाही. मग तिनं साल भिजत घातली आणि माझे तीन पेड नव्यानं विणले. त्यामुळे आता मी धुरकट काळा आणि मधून मधून गोरा असा दिसतो. कपाळाला लावून पाहायला मात्र ती आजही विसरली नाही.

आता मी काबुघोच्या कपाळावर असतो. काळ्या कातळापाशी ती गाणं म्हणते, आणि शेवटच्या ओवीत "किती पावलं?" विचारून थांबते. तिथे आता धृपद नाही. जो सर्वांत अलीकडे वर जाऊन आला असेल, तो मागून उत्तर देतो. सेहेचाळीस. त्रेपन्न. एकसष्ट. उत्तर मिळाल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. आणि ती गावी परतली की कॉफी वाळत घातलेल्या चटईपाशी बसलेला थेम्बो, तिनं मला कपाळावरून उतरवायच्या आत, तेच विचारतो. पूर्वी तिनं तोंड चुकवलं असतं. आता ती खरा आकडा सांगते. सांगताना तिचा हात त्याच्या खांद्यावर असतो. तो ऐकतो, मान हलवतो, आणि डोंगराकडे तोंड करून बसतो.

मित्रांनो, बर्फ माझ्या हातात नाही. तो तुमच्या आणि साऱ्या जगाच्या हातात आहे. त्याला जपा, एवढंच मी सांगू शकतो. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जो कपाला बोट लावून चहा ओततो. आणि कुणीतरी असेल, ज्याची ओळ चुकल्याचं तुम्हाला ठाऊक आहे, पण प्रेमानं तुम्ही बोलत नाही. मला सगळं माहीत होतं आणि मी खुंटीवर गप्प राहिलो, कारण देवानं मला जीभ दिली नाही.

तुम्हाला दिली आहे.